हवालदाराचं लाल छप्पर

आमच्या शेजारचे हंबीरराव हवालदार लढाई जिंकून आले, पण शेवाळापुढं हरले. ते स्वतः हे कधी कबूल करणार नाहीत, म्हणून मीच सांगते.

लढाईत ते इटलीला होते. तिथं काय पाहिलं असं विचारलं की तोफा राहिल्या बाजूला, आधी सांगायचे, "लाल कौलं! समदी घरं लाल!" सेहेचाळीस साली पलटणीतून सुटून आले आणि कराडहून बैलगाड्या भरून मंगलोरी कौलं आणली. आमच्या शिराळ्याच्या डोंगरकडेला तेव्हा सगळ्यांची घरं कुंभाराच्या नळीच्या कौलांची, चुलीच्या धुरानं काळी पडलेली. त्यात हे एकच लालभडक. हवालदार भेटेल त्याला सांगायचे, "नदी वलांडली की लाल छप्पर दिसंल. तेच आमचं. इचारायचंच काम न्हाई!"

देवाला ऐकू गेलं असावं. आमच्याकडं पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. पहिल्याच श्रावणात लाल छप्पर शेवाळलं आणि दसऱ्यापर्यंत म्हशीनं तोंड घालावं इतकं हिरवं झालं.

आता शेवाळ कशानं येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरावर फणसाच्या तीन मोठ्या फांद्या आडव्या आलेल्या. ऊन नाही, वारा नाही, वर पाचोळ्याचा थर. सुलाबाई, म्हणजे त्यांची बायको, रोज सांगायची, "आवं, तेवढ्या फांद्या छाटा. ऊन लागलं की आपसूक वाळंल." पण त्याच फांद्यांखाली हवालदारांची पलटणीतली घडीची खुर्ची असायची. तिथं बसून ते गावाला लढाई ऐकवायचे. सावली गेली तर लढाई कुठं करायची?

म्हणून त्यांनी दुसरीच लढाई काढली. तारेचा ब्रश घेऊन भर पावसात शिडीवर चढले. खरं तर शेवाळ काढावं उन्हाळ्यात, वाळून कोरडं झालं की. पण ऐकतंय कोण! खसाखसा घासून कौलांची वरची गुळगुळीत साय सगळी उडवली. कौलं खरबरीत झाली, पाणी धरायला लागली, आणि पुढच्या साली शेवाळ दुप्पट जोमानं आलं. हवालदार पुन्हा शिडीवर. खाली आम्ही बायका धुणं टाकून बघत उभ्या. हसू दाबता दाबता पोटात दुखायचं, आई शप्पथ!

हसू आटलं ते अंजनामुळं. ही त्यांची एकुलती एक पोरगी. कामाला वाघीण, मनानं सरळ, रंगानं सावळी. दोन स्थळं रंगावरून परत गेली होती. मामानं मलकापूरचा एक बिजवर सुचवला होता, चाळिशीचा, दोन लेकरांचा. अठ्ठेचाळीसच्या दसऱ्यानंतर इस्लामपूरकडच्या आप्पासोंचं स्थळ आलं. आप्पासो म्हणजे नवरामुलगाच, तरणा, उसाची जमीन. अंजना माझ्या चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "वैनी, ह्ये बी मोडलं तर आबा त्या बिजवराला व्हय म्हनतील." मला त्या हवालदाराचा असा राग आला म्हणता!

कारण त्या गड्याला काळजी पोरीची नव्हती, छपराची होती. पाव्हण्यांनाही त्यांनी खूण तीच दिली होती: लाल छप्पर. मग काय करावं? आदल्या दिवशी देवळाच्या भिंतीला लावतात ती लाल काव बादल्या भरभरून कालवली आणि शेवाळासकट सगळ्या छपरावर फासली. वरून ऐट अशी, "बगा, इटली!" त्याच हातासरशी कराडहून आणलेली स्नो-पावडर सुलाबाईकडं दिली. "पोरीला बी जरा उजळ करा."

पाव्हणे खूण बघत बिनचूक आले. आप्पासो पांढऱ्या फेट्यात, पांढऱ्या धोतरात. संगती त्यांची आई धोंडुबाई. ओट्याच्या कडेला घोंगडं टाकून बसवलं. मी आत पोह्यांपाशी. अंजना पाट मांडून बसली, तोंड पांढरंफेक, मान आणि हात मात्र तिचेच. तेवढ्यात आभाळ भरून आलं. चित्रा नक्षत्राचा पाऊस, सांगून थोडाच येतो? धो धो कोसळला आणि पागोळ्या वाऱ्यानं ओट्यावर आल्या. लालभडक! आप्पासोंचा फेटा लाल, धोतर लाल, म्हातारीचा पदर लाल. वर छपरावर हिरवंगार शेवाळ हसतंय.

आप्पासोंनी धोतर झटकलं आणि थंडपणे विचारलं, "हवालदार, छप्पर रंगवल्यालं. मग पोरगी बी रंगवल्याली का?"

हवालदार छपराकडंच बघायला लागले. सुलाबाईनं डोळ्याला पदर लावला. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मनात म्हटलं, गेलं, हेही स्थळ गेलं.

अंजना पाटावरून उठली. पाव्हण्यांच्या पायांसाठी भरलेला तांब्या उचलला, ओट्याच्या कडेला वाकून खळाखळा तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि म्हातारीपुढं येऊन उभी राहिली.

"ह्यो माजा रंग. उनात बी ह्योच, पावसात बी ह्योच. छप्पर आबांचं हाय, तोंड माजं हाय."

धोंडुबाईनं तिला जवळ ओढलं, हनुवटी धरून निरखून पाहिलं. मग पोराकडं वळली. "आप्पा, सुपारी फोड. आन् हवालदार, त्यो फणस तेवढा छाटा बाबा. मांडवाला बी शेवाळ आनशीला!"

मी आत झारा टाकून रडले. का रडले ते विचारू नका.

दुसऱ्याच दिवशी हवालदारांनी स्वतः कुऱ्हाड घेतली आणि तिन्ही फांद्या उतरवल्या. उन्हाळ्यात वाळलेलं शेवाळ सुलाबाईनं बांबूच्या कांबीनं अलगद खरवडलं, काथ्याच्या कुंच्यानं झाडलं, वर चुन्याच्या निवळीचा हात फिरवला. पुढं ते फारसं आलं नाही. पण घासून घासून कौलांचा लाल रंग कधीच गेला होता. छप्पर मातकट, चट्ट्यापट्ट्यांचं झालं.

हवालदारांची खुर्ची अजून तिथंच असते, डोक्यावर टॉवेल टाकून उन्हात. लढाई ऐकायला आता फारसं कुणी थांबत नाही. परवा आठवडी बाजारात एक जण त्यांच्या घराचा पत्ता नीट समजून घेत होता. मला वाटलं, आता निघणार इटली. पण हवालदार म्हणाले, "नदी वलांडली की कुनाला बी इचार. म्हनावं, अंजनाचं म्हायार कुटं हाय?"