आपानं अंगठा दिला नाही

माझी आपा, म्हणजे थोरली बहीण, माझ्याहून थोडीच मोठी, पण जन्मभर माझ्या डोळ्यांत खुपली. तिचे केस लांब, तिचा रंग उजळ, आणि तव्यावरची पहिली भाकरी कायम तिची. पण खरा जळफळाट सुरू झाला तो लढाईच्या काळात, शेअरच्या कागदांवरून.

आम्हा दोघींची लग्नं आमच्या गावी, टाकव्याला, एकाच मांडवात झाली. अब्बा मुंबईच्या एका गिरणीत मुकादम होते. निकाहाच्या वेळी नवऱ्यानं बायकोला जे द्यायचं कबूल करायचं, तो मेहेर. तो बायकोचा, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. पुष्कळ घरांत तो नुसता बोलण्यापुरता असतो. अब्बांनी मात्र दोन्ही जावयांना मांडवातच अडवलं. "रोख नको, सोनं नको. माझ्या गिरणीचे शेअर पोरींच्या नावावर घ्या." दोघींना सारखेच मिळाले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणायला लागले की आपाचं नशीब मोठं. नशीब कसलं डोंबलाचं!

दोघी लोणावळ्यातच नांदलो. माझ्या नवऱ्याची बेकरी, बंगल्यांना पाव पोचवायची. आपाच्या नवऱ्याची लाकडाची वखार. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढे पडवी, मागे सीताफळाचं झाड. कधीतरी शेअर विकून त्या खोल्या स्वतःच्या नावावर घ्यायच्या, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. बोलले फक्त आपाजवळ. कशाला बोलले, कुणास ठाऊक.

मग जपान लढाईत उतरला आणि मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली. गाड्या भरभरून माणसं घाट चढून यायला लागली. ट्रंका, गाद्या, पिंजऱ्यातले पोपट, सगळं घेऊन. बंद बंगले उघडले, बेकरीत पाव पुरेना. आमच्या बाजारात शेअरचा भाव कुणी पेपरात बघितलाच नाही. स्टेशनावर उतरणाऱ्या ट्रंका बघूनच तो ठरला. एवढे शेठ लोक पळून आले म्हणजे मुंबई संपली, आणि मुंबई संपली म्हणजे गिरण्याही संपल्या. झालं!

एका दुपारी नवरा दलालाच्या माणसाला घेऊन घरी आला. हातात कागद आणि शाईची डबी. माझे हात पिठात होते. त्यानं स्वतःच पंच्यानं माझा अंगठा पुसला.

"इथं लाव."

"कशाला?"

"बुडायच्या आधी निघालेलं बरं. तुला नाही कळायचं."

मी लावला. माझा मेहेर मातीमोलानं गेला.

दलालाचा माणूस तिथून वखारीकडे निघाला. मीही काळ्या अंगठ्यानं तशीच मागोमाग वखारीमागं आपाच्या घरी गेले. तिचा नवरा दारातच उभा होता. त्यानं माझ्यादेखत तिला विचारलं, "काय करू? विकू का?"

आपानं हातातलं सूपही खाली ठेवलं नाही. म्हणाली, "बंगलेवाले आलेत, पर आपल्या टाकव्याची पोरं कुटं आल्यात? ती तितंच गिरणीत राबत्यात. गिरणी चालू हाय तवर मी अंगठा न्हाई देत. माजा मेहेर हाय."

तो चिडला, रुसला, त्या रात्री जेवला नाही. पण जबरदस्ती केली नाही. माझा नवरा बाजारभर त्याला बायकोच्या मुठीतला म्हणून हिणवत हिंडला. मीही हसले.

बाँब काही पडले नाहीत. ट्रंका परत घाट उतरल्या. शिपायांच्या कापडावर गिरण्यांची चांदी झाली आणि शेअर जे चढले ते चढतच गेले. आपानं थोडे कागद विकले आणि घर घेतलं. कुठलं? माझंच! पडवीसकट, सीताफळासकट. वर मला म्हणते कशी, "भाडं नको गं, आपलंच हाय."

आपलंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यापेक्षा दुप्पट भाडं मागितलं असतं तर गोड वाटलं असतं. मी दर महिन्याला भाडं पोचवत राहिले. सीताफळं पिकली की ती येऊन पाटी भरायची आणि त्यातली चार माझ्याच हातावर ठेवायची. चार!

घाबरून विकू नये, गावातली आवई म्हणजे बाजार नव्हे, हे शहाणपण आता सगळे आपाच्या नावानं सांगतात. खरंच आहे ते. घरावरूनही माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? पण रात्री कूस बदलताना मला घर आठवत नाही. "विकू का?" हे तिच्या नवऱ्याचे दोन शब्द आठवतात. माझा नवरा तर शाईची डबी घेऊन आला होता.

पुढे लढाई संपली. एका सकाळी नवरा माझ्यासमोर येऊन बसला. टोपी हातात फिरवत म्हणाला,

"तुझ्या बांगड्या मोडून दुसरी भट्टी घालावी म्हणतो. घालू का?"

भट्टी हवीच होती. मीच वर्षभर त्याच्या मागे लागले होते.

"नाही," मी म्हणाले.

"का गं?"

कारण काहीच नव्हतं. आपाला त्या दिवशी कसं वाटलं असेल, ते मला एकदा बघायचं होतं.