दहा मिनिटांचं पाणी

पाणीपुरवठा विभागात नोकरी केली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते हंडा घेऊन स्वतःच ऑफिसात येतात! मी बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका छोट्या नगरपालिकेत पाणीपुरवठा अभियंता आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

आजचे किस्से एकाच महिन्यातले. सरकारला शहराचा आराखडा हवा होता. पाणी, वाहतूक आणि हवामान, तिन्ही एकत्र. तो मंजूर झाला तर निधी मिळणार. मला मात्र त्यात एकच गोष्ट करून घ्यायची होती. टेकाडावरच्या खडकवस्तीत पाइपलाइन होती, दारोदार नळ होते, पण पाणीच चढत नव्हतं. बायका खालच्या चौकातून हंडे वाहायच्या. दोन वर्षं मी त्यांना "बघते" एवढंच म्हणत होते. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती.

*

पहिली अडचण नकाशाची. कपाटात होता, पण निम्मा वाळवीनं खाल्लेला. बाकीचा निम्मा सोपानतात्यांच्या डोक्यात! तात्या आमचे सगळ्यात जुने व्हॉल्वमन. खांद्यावर लोखंडी चावी, खाली सायकल आणि कुठला व्हॉल्व किती आटे फिरवायचा ते सगळं तोंडपाठ.

मी म्हटलं, "तात्या, नकाशा काढायचाय."

"कशाला? मी हाय की!"

"तुम्ही महिनाअखेर निवृत्त होताय."

तात्यांनी लगेच चावी खांद्यावर टाकली. "मग बसलाय काय? उठा की!"

*

मग आठवडाभर मी तात्यांच्या मागं वही घेऊन फिरले. एका चौकात ते थांबले. "हितं व्हॉल्व हाय. पैलवानाच्या दुकानासमोर."

"कुठलं दुकान? इथं तर काहीच नाही."

"दुकान बंद पडलं. पैलवान लोणी देवकरला कंपनीत जातो आता. पण व्हॉल्व कुठं जातोय?"

खणलं. हातभर खाली बरोबर झाकण लागलं!

शेवटी खडकवस्ती. प्रत्येक दारात नळ, प्रत्येक नळ कोरडा. अगदी टोकाचं घर तात्यांचं, तिथं मात्र नळच दिसेना. मी विचारलं, "तात्या, तुमचा नळ कुठंय?"

"व्हॉल्वचा नकाशा काढताय का माझ्या घराचा? चला पुढं."

पुढं नुसतं माळरान होतं. तरी आम्ही पुढं गेलो.

*

आराखड्यातल्या हवामानाच्या प्रकरणात दाखवायला आमच्याकडं एकच गोष्ट होती, पंपहाऊसवरचे सोलर पॅनेल. पण वीज काही मनासारखी मिळेना. ठेकेदार म्हणाला, ढग. मी म्हटलं, जानेवारीत? शिडी लावून वर चढले तर पॅनेलच्या दक्षिणेला भलामोठा फ्लेक्स. त्यावर "सौरऊर्जा प्रकल्पाच्या शुभारंभाबद्दल हार्दिक अभिनंदन!" आणि एका नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो. त्या अभिनंदनाची सावली थेट पॅनेलवर!

नगरसेवकांना फोन केला तर ते भडकले. "फ्लेक्स उतरवायचा? अहो, फोटो हाय माझा!"

तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "राव, फोटो चुकीच्या बाजूला लागलाय. तिकडं नुसता ऊस. उत्तरेला लावा, एसटी स्टँड हाय. सगळी लोकं बघत्याल."

तासाभरात फ्लेक्स उत्तरेला गेला आणि पंप दुपारभर उन्हावर चालला. नगरसेवकांनी तात्यांना चहा पाजला, मला नाही.

*

वाहतुकीसाठी एक सिटी बस मागायची होती. प्रत्येक नगरसेवकाला थांबा आपल्याच दारात हवा. तो मार्ग कागदावर काढला तर सांडलेल्या शेवयांसारखा दिसायला लागला! आमचे सीओसाहेब, म्हणजे मुख्याधिकारी, फार बोलत नाहीत. म्हणाले, "जीप काढा. बघू या."

प्रत्येक थांब्यावर थांबत, वळत, मागं येत आम्ही वेशीतून एकदाचे स्टँडवर पोचलो. सायकलवरून आमच्याबरोबरच निघालेले तात्या बाकावर बसले होते.

साहेबांनी विचारलं, "कधी आलात?"

"चहा झाला, दाढी झाली. आता तुमचीच वाट बघत हुतो."

साहेबांनी तिथंच पेन काढलं आणि निम्म्याहून जास्त थांबे खोडले. आराखडा सुधारला, पण सगळे नगरसेवक एकजात रुसले. आणि पुढच्याच आठवड्यात मला त्यांच्याकडंच मागायला जायचं होतं!

*

माझं गणित साधं होतं. खालच्या प्रत्येक वॉर्डानं रोजची दहा मिनिटं सोडली, तर त्या वेळात खडकवस्तीला पुरेसा दाब मिळतो. मी सभेत हे मांडलं आणि गदारोळ झाला.

"एक मिनिट कमी झालं तरी मोर्चा येईल!"

"आमच्या वॉर्डाला हात लावायचा न्हाय!"

फ्लेक्सवाले तर टेबलावर हात आपटून म्हणाले, "लोकांना लगेच कळतंय, मॅडम! पाण्याशी खेळ न्हाय!"

मी सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग दारात उभ्या असलेल्या तात्यांकडं बघितलं. तात्या पुढं आले.

"राव, आज आठ दिस झालं, दहा मिनिटं कमीच सोडतोय. चाचणी म्हणून, साहेबांना विचारून. कुणाकडं तक्रार आली का?"

फ्लेक्सवाल्यांनी टेबलावरचा हात हळूच मांडीवर घेतला. वाचलेलं पाणी टाकीतच होतं, कारण ते वस्तीला सोडायला ठराव लागत होता. साहेबांनी ठराव वाचला. कुणी हात वर केला नाही, पण कुणी विरोधही केला नाही. आमच्याकडं त्याला एकमत म्हणतात!

*

पाणी सोडायचा दिवस तात्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले. खाली व्हॉल्वला चावी लावली आणि तोंडातल्या तोंडात आटे मोजत फिरवायला लागले. मी वर वस्तीत जाऊन उभी राहिले. नळांतून आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल गढूळ पाणी आणि मग स्वच्छ धार. एक म्हातारी ओरडली, "आगं, आलं की गं!" आणि सगळ्या बायका घागरी घेऊन धावल्या. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलंही नाही.

तात्या वर आले तेव्हा त्यांच्या बायकोनं शेजारणीच्या नळावर कळशी लावली होती. तात्यांनी ती उचलून घरात ठेवली, माझ्या हातात चावी दिली आणि म्हणाले, "येतो, मॅडम."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले तर टेबलावर नवीन नळजोडाचा एक अर्ज होता. अर्जदार सोपानतात्या, पत्ता खडकवस्ती, शेवटचं घर. पूर्वीचा नळजोड, नाही. खाली 'मागणीचे कारण' असा रकाना असतो. त्यात तात्यांनी दोनच शब्द लिहिले होते.

"पाणी आलं."