तिने नव्या तांदळाचा द्रोण पुढे केला

ती बाई अन् ती केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या पोलीस ठाण्याचा मी चार्ज घेतला, तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दारूच्या नशेत बोडीत, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात, बुडाला, असं गावाने सांगितलं. पोलीस पोचण्याआधीच त्याला जाळलं होतं. ‘अकस्मात मृत्यू’ लिहून फाईल बंद.

बाई दर बाजारच्या दिवशी यायची. टेबलावर बोरं ठेवून एकच सांगायची, “माह्या मानसानं दारूले कधी हात लावला नाई.” तिचा संशय गावच्या बड्या शेतकऱ्यावर होता. पुरावा शून्य. मी हात वर केले की हसायची, “तुमची फाईल हलत नाई, देवाची तरी हलू द्या जी.”

खबर शेवटी तिनेच आणली. त्या गावात नवा तांदूळ आधी गावदेवाला दाखवतात, मगच घरोघरी शिजतो. “त्या शेतकऱ्याचा सालगडी दोन सालांपासून देवापाशी येत नाई, नवं खात नाई. काऊन, इचारा.”

त्या सालगड्याला बोलावलं. दोन तास दरडावलं. खोटं बोलणारा सहसा बडबडतो. हा जमिनीकडे पाहत गप्प. तेवढ्यात बाई द्रोणात नव्या तांदळाचा भात घेऊन आली, त्याच्याशेजारी फरशीवर बसली. “खा बापू. तुले उपाशी पाहून मले घास उतरत नाई.”

माणूस ढसाढसा रडला अन् सगळं सांगून मोकळा झाला. मालकाने रानडुकरांसाठी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तारेत करंट सोडला होता. पहाटे तिथे तिचा नवरा मरून पडलेला. मालक अन् सालगडी, दोघांनी त्याच्या तोंडात, अंगावर दारू ओतली, मग त्याला बोडीत टाकलं. भाताच्या तणसाच्या ढिगाखाली लपवलेली ती तार पंचांसमोर जप्त केली, सालगड्याचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला, मालकाला अटक केली.

आठवड्यात मालक जामिनावर सुटला, गावात हार घालून फिरला. मी चिडून, खाली मानेने तिच्या दारात गेलो. तिनेच मला पाणी दिलं. “आता माह्या मानसाले कोनी दारुड्या म्हनत नाई. बाकीचं देव पाहून घेईल.”

“आणि उद्या कोर्टातूनही सुटला तर?”

“तं देवासंग भांडीन. भांडन आपल्याच मानसासंग होते ना जी?”

खटला अजून चालू आहे. मी निवृत्त झालो, तरी तारखेला जातो. नोकरीत मीही देवाशी पुष्कळ भांडलो. पण त्याला आपला समजून भांडायचं, हे त्या बाईने शिकवलं.