डेस्मंड लार्टरचं वजन

डेस्मंड लार्टर दात घासायचा ब्रशसुद्धा अर्धा कापून वापरतो, असं गाड्यांच्या शर्यतींच्या क्लबातली मंडळी सांगायची. ते साफ खोटं होतं. पण त्याने गाडीचं काय काय कापलं होतं हे ज्यांनी पाहिलं होतं, त्यांचा त्यावर सहज विश्वास बसायचा. पॉलीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ब्रश धड आहे हो. माझी सीट तेवढी काढून टाकली."

डेस्मंड इंग्लंडमधल्या लिंकनशायरातल्या वाटाणे डबाबंद करण्याच्या कारखान्यात फिटर होता. आठवडाभर डब्यांच्या यंत्रांशी झटापट करायची आणि शनिवार-रविवारी घरामागच्या शेडमध्ये गडप व्हायचं, हा त्याचा धर्म. त्या शेडमध्ये चार हिवाळे घालवून त्याने स्वतःच्या हाताने ती गाडी बांधली. बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि भंगारात निघालेल्या एका घरगुती गाडीचं इंजिन. दार नाही, छप्पर नाही, हीटर नाही, गालिचा नाही. तो हे कौतुकाने सांगत सुटला की पॉलीन म्हणायची, "काय आहे तेवढं सांग, लवकर संपेल."

पण आपला नवरा वेडा का झाला आहे, हे तिला एकदा कळलं होतं, आणि तेही वाणसामानाच्या दुकानात. आठवड्याचा बाजार भरलेली ढकलगाडी तिला कोपऱ्यावर वळेना. डेस्मंड म्हणाला, "थांब. आता ही रिकामी घे आणि वळव." तिने वळवली. बोटाने वळली. "बघ," तो म्हणाला, "लोक भरलेल्या ढकलगाडीला आणखी मोठं इंजिन लावतात आणि म्हणतात, पळते बघा कशी! अगं, सरळ रस्त्यावर दगडसुद्धा पळेल. वळणावर काय करशील? ब्रेक लावल्यावर काय करशील? ओझं टाकलं की टायर कमी झिजतात, ब्रेक कमी तापतात, खिसाही कमी फाटतो. आपल्यासारख्याने श्रीमंताला गाठायचं तर ते वळणावरच."

तिथे मटार-गाजरांसमोर एवढं मोठं भाषण झालं. पुढे गाडी तयार झाल्यावर त्याने तिला शेजारी बसवून पहिली फेरी मारली. रस्त्यावरचा खडा न् खडा तिला पाठीखाली कळला. केस विस्कटले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पहिल्या वळणावर ती अशी खदाखदा हसली की गाडी थांबली तरी हसू थांबेना. गाडी कुठे वळणार हे गाडीच्या आधी आपल्या अंगाला कळतं, एवढंच तिला त्या दिवशी सांगता आलं. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा इतका हेवा तिला त्याआधी कधी वाटला नव्हता.

मग शर्यती सुरू झाल्या आणि तिची सीट गेली. "नऊ किलोची आहे," डेस्मंड म्हणाला. पॉलीन म्हणाली, "माझ्यासकट धर, जास्त भरेल." सीट शेडच्या माळ्यावर नाताळच्या सजावटीशेजारी जाऊन पडली.

शर्यती व्हायच्या त्या महायुद्धाच्या काळातल्या, विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर. चहूकडे बीटाची शेतं, अंगात घुसणारा वारा, एका टपरीत बेकन घातलेले पाव आणि चहा. क्लबाचा एकच मोठा नियम होता: शर्यत संपल्यावर गाडी आणि आत बसलेला माणूस मिळून सहाशे किलोच्या खाली भरता कामा नये. चार चाकांखाली चार सपाट तराजू सरकवायचे आणि आकड्यांची बेरीज करायची. तराजूंचा मालक आणि क्लबाचा तपासनीस होता क्लेमंट बंटिंग. बियाण्याचे बटाटे विकणारा, थोराड, सगळ्यांचा लाडका. वजन चालू असताना मागून हळूच तराजूवर पाय ठेवून आकडा फुगवायचा आणि गाडीवाल्याचं तोंड पाहायचं, ही तिथली जुनी खोड. क्लेमंट ओरडायचा, "कुणाचा खूर आहे तो? काढा!" आणि सगळे हसायचे.

डेस्मंडचं दुःख एकच. गाडी त्याने काडीसारखी केली होती, पण स्वतः चांगला शहाण्णव किलोचा गडी होता. गाडी एकटी पाचशे वीस, हे क्लबातलं शेंबडं पोरही सांगायचं. म्हणजे नियमापेक्षा सोळा किलो जास्त ओझं, आणि ते सगळं त्याच्या पोटावर. जमीनजुमल्याचा दलाल रॉडनी फिस्क, दरवर्षी पहिला येणारा, त्याला म्हणायचा, "डेस, गाडीतला सगळ्यात जड भाग तू चालवायला का बसवतोस रे?" डेस्मंड हसायचा आणि चौथा यायचा.

त्या वर्षी मात्र चमत्कार झाला. वसंतापासून डेस्मंड बारीक व्हायला लागला. पॉलीन वीस वर्षं त्याच्या मागे लागली होती, मांसाचे पॅटिस सोड, पुडिंग सोड. आता त्याने न सांगताच सोडलं. मे महिन्यात तिने त्याचा शर्यतीचा सूट कंबरेत आत घेतला, तोही गाणं गुणगुणत. डेस्मंड दुसरा आला. मग पहिला आला. मग पुन्हा पहिला. वळणावर गाडी त्याच्या हातात अशी नाचायची की रॉडनीची नवी कोरी महागडी गाडी मागे धुरात राहायची. क्लबाने त्याची पाठ थोपटली. दर शर्यतीनंतर क्लेमंटच्या तराजूवर आकडा थोडा थोडा खाली येत होता, पण सहाशेच्या वर होता ना, मग त्याच्याकडे बघतो कोण! नियम मोडला का, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

जुलैत पॉलीनने सूट दुसऱ्यांदा आत घ्यायला काढला. टाचण्या तोंडात धरून ती त्याच्या पाठीमागे उभी होती, आणि कापडाखाली तिच्या हाताला त्याच्या पाठीची हाडं लागली. टाचण्या काढून ती म्हणाली, "डेस, तू डॉक्टरकडे जा."

"कशाला? बरा चाललाय की सगळा कारभार."

"पुडिंग सोडून माणूस असा होत नाही. काल अर्धा पाव टाकलास तू. तू, डेस्मंड लार्टर, पाव टाकतोस?"

"ऑक्टोबरात मोसम संपतो. मग जाईन." तो आरशात बघत होता, आणि जे दिसत होतं ते त्याला आवडलं होतं. "आयुष्यात पहिल्यांदा पुढे आहे मी, पॉलीन. पहिल्यांदा! मोसमाचा चषक घरी येतोय आणि तू मला आजारी ठरवतेस?"

ती चिडली, रडली, अबोला धरून पाहिला. दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसापुढे बायकोचं काय चालतं? ऑगस्टात तिने क्लेमंटला बाजूला घेऊन विचारलं, "तुला डेस फार उतरलेला वाटत नाही का?"

"वाटतो की," क्लेमंट स्वतःच्या पोटावर हात फिरवत म्हणाला. "हेवा वाटतो, बाई. मलाही काय खायला घालायचं ते सांग." ती तिथून निघाली ती थेट धावपट्टीच्या टोकाला जाऊन, बीटाच्या शेताकडे तोंड करून उभी राहिली. सगळे तिच्या नवऱ्याच्या आजाराला टाळ्या वाजवत होते.

सप्टेंबरातली शर्यत डेस्मंडने जिंकली. ही जिंकली म्हणजे चषक जवळजवळ हातात होता. गाडी तराजूंवर चढली, क्लेमंटने बेरीज केली, आणि पुन्हा केली.

"पाचशे शहाण्णव," तो म्हणाला.

"हॅट!" डेस्मंडने मागे वळून पाहिलं. "कोण उचलतंय रे मागून? सोडा!"

मागे कुणी नव्हतं. सगळे दूर उभे होते. रॉडनीने तोंड उघडलंच. "तरीच म्हटलं, एवढा वेग आला कुठून! काय काढलंस, डेस? सरळ सांग."

"एक स्क्रू काढलेला नाही!" डेस्मंडचा चेहरा लालबुंद झाला. वीस वर्षांत त्याला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. "क्लेम, तुझे तराजू बिघडलेत. नाहीतर पेट्रोल संपलं असेल."

क्लेमंटने टाकी पाहिली. पेट्रोल नेहमीएवढंच होतं. मग तो म्हणाला, "उतर खाली. गाडी एकटी मोजू."

डेस्मंड उतरला. क्लेमंट आकड्यांवर वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. पॉलीनला आकडा दिसत नव्हता, पण तिला तो ठाऊक होता.

"पाचशे वीस," क्लेमंट म्हणाला. नेहमी कुत्र्यामांजरांवरही ओरडणाऱ्या त्या माणसाचा आवाज अगदी बसला होता. "गाडी प्रामाणिक आहे, डेस. गाडीतलं काही गेलेलं नाही."

वजाबाकी प्रत्येकाने मनातल्या मनात केली. सगळ्यात शेवटी ती डेस्मंडच्या डोक्यात शिरली. हेल्मेट हातात धरून तो स्वतःच्या अंगाकडे असा बघत होता, जणू कुणीतरी दुसऱ्याचे कपडे त्याला घातले आहेत. रॉडनी टोपी काढून निघून गेला. थोड्या वेळाने तो दोन्ही हातांत शिशाच्या विटा घेऊन परत आला.

"चुकलो मी, डेस," तो म्हणाला. "आजचा निकाल गेलाच. पण एक शर्यत उरलीय. हे सीटखाली ठोक. सहाशे भरतील."

आणि डेस्मंडचा चेहरा खुलला! "बघ पॉलीन, आहे की उपाय. चार किलो शिसं घातलं की—"

"शिसं?" पॉलीनचा आवाज टपरीपर्यंत गेला. "गाडीत शिसं भरशील. तुझ्यात काय भरू मी? वीस किलो नवरा हरवलाय माझा, आणि तुम्ही बाप्ये उभ्या उभ्या गाडीचं वजन जुळवताय! सूट आत घेतला मी, माझ्या हाताने, दोनदा! लाज वाटते मला त्या सुईची." बोलता बोलता ती तिथेच एका टायरवर बसली.

क्लेमंटने रॉडनीच्या हातातल्या विटा काढून घेतल्या आणि आपल्या गाडीत टाकल्या. "डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत मी तपासणीला तुझ्या गाडीला हात लावणार नाही," तो डेस्मंडला म्हणाला. "आणि मी हात लावल्याशिवाय तू धावणार नाहीस. शिव्या घालायच्या तर घाल."

डेस्मंडने शिव्या घातल्या. पण फार नाही.

गावातल्या डॉक्टरने पोट चाचपलं, नंतरचं बोलणं आवरतं घेतलं आणि लगेच लिंकनच्या इस्पितळात जायला सांगितलं. तिकडे जायच्या आदल्या संध्याकाळी पॉलीन जेवायला बोलवायला शेडमध्ये गेली, तर डेस्मंड गाडीत आडवा पडून नट आवळत होता. माळ्यावरची सीट जागेवर बसली होती. नाताळची चमकी तिला अजून चिकटलेली होती.

"उद्या बसने जायचं नाही," तो खालूनच म्हणाला. "पट्टा बघ तुला पुरतो का."

पट्टा पुरला. सकाळी ते निघाले. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना बीट, आणि अंगाला झोंबणारा तोच वारा. पॉलीनला वाटलं होतं तो सुसाट जाईल. पण वळण आलं की तो वेग कमी करत होता, जपून घेत होता.

"अरे, जोरात घे की," ती ओरडून म्हणाली. "मी हसायला बसलेय इथे."

"भरलेली ढकलगाडी आहे," तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. तिने त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि हाताला पुन्हा हाड लागलं, पण तिने तो काढला नाही.

इस्पितळात एका तरुण नर्सने त्याला बूट आणि जाकीट काढायला लावलं. डेस्मंड जन्मभर तराजूवर चढताना खिशातली नाणीसुद्धा काढून ठेवायचा. आज त्याने बूट काढायला फार वेळ लावला. तो काट्यावर चढला. आकडा चौऱ्याहत्तरवर थांबला. आठवड्याभरात आणखी दोन गेले होते. नर्स पेन शोधायला टेबलाकडे वळली. डेस्मंड आकड्याकडे बघत उभा होता. त्याची हनुवटी हलत होती. आपण घाबरलो आहोत हे त्याने एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच दिसू दिलं.

पॉलीन त्याच्या मागे सरकली आणि तिने बुटाचं टोक हळूच काट्याच्या कडेवर ठेवलं. आकडा वर चढला. ऐंशी. नव्वद. तिने आणखी भार दिला. शहाण्णव.

"पॉलीन," तो मागे न बघता म्हणाला, "खूर काढ."

"काढते."

"नको," डेस्मंड म्हणाला. "जरा वेळ राहू दे."