मोहाखालची आग

माझं माहेर आमगावकडचं, धानाच्या बांध्यांचं. लग्न होऊन सौंदडच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावात आले, तेव्हा मोहाची फुलं वेचायची म्हणजे आधी झाडाखाली आग लावायची, हे मला ठाऊक नव्हतं. पाचोळा जळाला की काळ्या जमिनीवर पडलेली फुलं लगेच दिसतात. पण आग झाडाखालीच थांबत नाही. दर उन्हाळ्यात आमची पहाडी जळायची आणि मोहाची, चारोळीची नवी रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत संपायची.

तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेत मीच उठून म्हणाले, आग बंद करू. जुनी लुगडी जोडून झाडाखाली बांधू, फुलं कापडावर पडतील. एका संस्थेच्या शिबिरात हे ऐकून आले होते. तिथल्या बाईंनी कार्बन, तापमान असं बरंच सांगितलं. माझ्या डोक्यात कापड तेवढं राहिलं, कारण घरी शिलाई मशीन होती.

आमच्या शेजारची म्हातारी, गोंड घरातली, जन्मभर मोह वेचलेली. ती मोठ्याने हसली. "आता जमिनीले लुगडं नेसवतेस का?"

सगळेच हसले, पण ठराव झाला. दुसऱ्या दिवशी आपलं फाटकं लुगडं घेऊन पहिली तीच आली.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. कुणाच्या चुलीचा धूर आला तरी मशीनवरचा पाय थांबायचा. स्वयंपाक अर्धा टाकून तलावाच्या पाळीवर जायची, पहाडीकडे पाहायची, परत यायची. घटकाभराने पुन्हा जायची. नवरा म्हणाला, "तू का फॉरेस्ट गार्ड होय? काऊन फिरून राहिलीस अशी?" आग लागली तर ती माझ्या नावावर जाईल, एवढंच मनात होतं.

आणि लागलीच. एका दुपारी पाळीवरूनच धूर दिसला. ओरडत धावले. म्हातारी माझ्याआधी पोचली होती. आम्ही दहा-बारा जणींनी पळसाच्या ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली, पण तोवर एक उतार काळा झाला आणि तीन घरांची बांधलेली कापडं गेली. आग जिथून सुरू झाली तिथे आमचं झाड होतं. बाजूला सासूची टोपली पडली होती. मी ती माझीच असल्यासारखी कमरेवर घेतली आणि खाली उतरले.

घरी सासू भिंतीला टेकून बसली होती. बोटं पोळली होती. "साऱ्या गावाले कापड शिवून देल्लंस. आपल्या झाडाले देल्लंस का?" ती म्हणाली. "थोडासाच पाला पेटवला. हवा आली."

खरंच होतं ते. आमचं झाड सगळ्यात लांब, म्हणून त्याचं कापड मी शेवटी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभेत लोकांनी म्हातारीवर ठपका ठेवला. तीच हसली होती ना पहिल्यांदा! तिने मान वळवली. माझ्याकडे पाहत राहिली. टोपली तिनेही पाहिली होती. मी खाली मान घालून बसले.

त्यानंतर दोन दिवस हातून काही धड होईना. दोरा तुटायचा, भाजी करपायची. तिसऱ्या दिवशी सासूला म्हणाले, "आई, तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगीन."

ती रागाने उठली, पदर खोचला आणि स्वतःच लोकांना बोलवायला गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "आग माह्या हातानं लागली. त्या बाईले कायले बोलून राहिले?" मग मी उभी राहिले. आमच्या झाडाला कापड मी दिलं नव्हतं, हे सांगितलं. मला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मात्र म्हातारीकडे न पाहता सांगितलं.

जळलेल्या कापडांच्या तिन्ही घरांच्या झाडांखालचा पाला आमच्या घराने झाडायचा, असं ठरलं. मोह संपेपर्यंत सासू आणि मी रोज पहाटे झाडत होतो. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. शेजारची म्हातारी तेवढंही नाही.

पुढचे दोन उन्हाळे आमच्या बाजूला आग लागली नाही. पहाडीपलीकडच्या गावातून धूर येतोच, आणि तो दिसला की मी आजही घरात थांबू शकत नाही. गेल्या महिन्यात त्या गावाने कापडाची रीत सांगायला आम्हाला बोलावलं. तिथे बहुतेक घरं गोंडी बोलणारी; मला चार शब्दही धड येत नाहीत. निघायच्या सकाळी म्हातारी न सांगता आली आणि कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालू लागली.

सभेत तीच तासभर बोलली. लोक हसत होते, मधेच काही विचारत होते. एकदा तिने माझ्याकडे हात केला आणि सगळे वळून मला पाहू लागले. परतताना मी विचारलं, काय सांगितलंत?

"जे झालं ते," ती म्हणाली, आणि भराभर पुढे निघाली.