सोळा घरांत तेवीस अक्षरं

गोळीबार चौकामागच्या कोष्टीपुऱ्यात जयवंता परातेचं नाव काढलं की लोक आधी हसायचे आणि मग आवाज खाली आणायचे. बाई फटकळ. दूधवाल्याच्या मापापासून नळाच्या रांगेपर्यंत कुठंही खोट दिसली की तोंड सुटलंच म्हणून समजा. वडील नत्थूजी हातमागावर बसायचे ते दिवस संपून माग अडगळीत गेला होता. धाकटी बहीण पुष्पलता धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. आणि जयवंता बी.एस्सी. होऊन लकडगंजात, लाकडाच्या वखारीवरच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहीत होती. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. ती नेमकं काय करते हे गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. 'मशीनवर असते' एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

साऱ्या जगाच्या चुका काढणाऱ्या या बाईला स्वतःची एक चूक मात्र दीड वर्ष दिसली नाही, आणि दिसली तेव्हा घर बुडायला आलं होतं.

पुष्पलताच्या दवाखान्यातल्या औषध भांडाराचा प्रोग्राम जयवंतानेच लिहिला होता, सी भाषेत. औषध नेणाऱ्याने आपलं नाव टाइप करायचं, पासवर्ड द्यायचा, मग काय नेलं त्याची नोंद करायची. दिवाळी तोंडावर आली असताना ऑक्टोबरचा मेळ घातला, तर पुष्पलताच्या नावावर मॉर्फिनच्या चाळीस अँपूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचकुप्या, जास्त निघाल्या. वॉर्डाच्या वहीत त्यांचा पत्ता नाही. मॉर्फिन म्हणजे दुखणं मारणारं औषध, आणि चोरून विकलं तर नशेचं. मंगळवारी घरी पत्र आलं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका. सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर पोलिसांत तक्रार करू आणि नर्सिंगची नोंदणीही रद्द करायला लावू.

"मी नाही घेतल्या, ताई," पुष्पलता म्हणाली.

"मशीन खोटं नाही बोलत, पुष्पे. खरं सांग. कोणाले देल्या का तूनं?"

पुष्पलता उठून मोरीकडे गेली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी आपला पांढरा गणवेश धुवायची, इस्त्री करायची आणि खुंटीला लावायची. जायचं तर कुठंच नव्हतं. नत्थूजी एकच धोशा लावून बसले होते, "मोठ्या डॉक्टरच्या पाया पड पोरी, पाया पड." जयवंताला दोघांचाही राग यायचा आणि रागाच्या खाली भीती असायची.

बुधवारी तिने नोंदींची यादी पहिल्यांदा नीट वाचली. एक नोंद होती एकवीस तारखेची, दुपारी चार वाजून दहा मिनिटांची. एकवीस तारीख! त्या दिवशी आत्याची तेरवी होती उमरेडला. पुष्पलता दोन वाजता ड्यूटी संपवून आली होती आणि चारच्या सुमाराला दोघी बहिणी एसटीत एकाच बाकावर बसल्या होत्या, पुष्पलताच्या मांडीवर पिशवी होती. मशीन खोटं बोललं होतं. आणि बहिणीची साक्ष बहिणीसाठी कोण धरतो?

गुरुवारी ती मालकाकडे गेली. मनोहरराव माणूस वाईट नव्हता, पण धंदा जिवापाड जपायचा.

"मले दोन दिवस मशीन द्या, साहेब. प्रोग्राम चालवून पाहतो."

"नाही. घरची भानगड हापिसात आणू नको. तोच प्रोग्राम चार दवाखान्यात चालून राहिला. बोभाटा झाला तं आपण सारेच बसलो घरी."

मशीन मिळालं नाही. कपाटात प्रोग्रामचा छापील कागद होता, रुंद, घडीघडीचा, दोनशे चौदा पानांचा. तो तिने पिशवीत कोंबून घरी आणला. सोबत जुना लिंटचा अहवालही आणला. लिंट म्हणजे प्रोग्राम न चालवता नुसता वाचून चुका दाखवणारं हत्यार. लिहून झालं तेव्हा त्याने अकरा पानं कुरकुर केली होती आणि ती ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे कुणी वाचली नव्हती. आता तिने ओळ न ओळ वाचली. कुठं काही जुळत नाही, कुठं काही वापरलंच नाही, असल्या तक्रारी. कामाचं एक अक्षर नव्हतं. आता नुसत्या डोळ्यांनी वाचायचं राहिलं.

पहिल्या दिवशी ती पहिल्या पानापासून वाचत गेली आणि संध्याकाळपर्यंत तिला एकही चूक सापडली नाही. सापडणार कशी? जे लिहायचं मनात होतं तेच ती वाचत होती, कागदावर काय आहे ते नाही. शुक्रवारी हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मग तिने लाल पेन्सिल घेतली. बाहेरून काहीही आत येतं ती प्रत्येक जागा शोधून खूण केली. एकसष्ट जागा भरल्या. प्रत्येक जागेला दोनच प्रश्न विचारायचे असं ठरवलं: येऊ किती शकतं, आणि ठेवायला जागा किती? आपण काय समजून लिहिलं होतं, ते मध्ये आणायचंच नाही. साठ जागांवर जीव आटवला, हाती काही लागलं नाही. राहिलेली एकसष्टावी जागा होती अगदी दाराशी, जिथं माणूस आपलं नाव टाइप करतो. ती सगळ्यात साधी म्हणून तिने मागे ठेवली होती.

नावासाठी तिने सोळा अक्षरांची जागा ठेवली होती. का सोळा? कारण ऑफिसात सगळ्यांत लांब नाव मनोहररावांचं, इंग्रजीत दहा अक्षरं. सोळा म्हणजे चैन झाली! आणि नाव घ्यायला वापरलं होतं 'गेट्स'. हे आवतण न पाहता सगळ्या गल्लीला पंगतीला बसवणारं फंक्शन आहे. एंटर दाबेपर्यंत जेवढं येईल तेवढं घेतं, जागा किती उरली ते बघत नाही. सतरावं अक्षर शेजारच्या घरात सांडतं. आणि शेजारच्या घरात तिने काय ठेवलं होतं? पासवर्ड जुळला की नाही, त्याची खूण. तिथं शून्य असलं तर आत सोडायचं नाही. दुसरं काहीही असलं तर सोडायचं.

म्हणजे कुणीही लांबलचक काहीही टाइप करावं आणि दार उघडावं. असं नाव यादीत सापडत नसल्यामुळे नोंद पडणार आधीच्या माणसाच्या खात्यावर.

हे तिने शुक्रवारी संध्याकाळी मनोहररावांना दाखवलं. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"बरं, चूक हाय. पण सोळाच्या वर नाव टाकते कोण? कोणी टाकलं, ते दाखव. नाहीतं हा कागद तिथं न्यायचा नाही. नेला तं तुही नोकरी गेली, समज."

खरंच, टाकतो कोण? दवाखान्यात सगळ्यांची नावं मुद्दाम आखूड नोंदली होती. पुष्पलतासुद्धा PUSHPA एवढीच होती. त्या रात्री जयवंता अन्नाला शिवली नाही.

शनिवारी दुपारी ती दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. भांडारातली तारा जेवायच्या सुट्टीत बाहेर येते, हे तिला ठाऊक होतं. भांडारप्रमुख नानाजी साठीचे, त्यांना पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून नवरात्रापासून त्यांच्या नोंदी ताराच टाइप करायची. दुसऱ्याचं नाव टाकणारी तेवढी एकच होती.

"तारा, नानाजीचं नाव कसं टाकतं वं तू?"

"कसं म्हणजे? नानाजीसाहेब भांडारवाले. इंग्रजीत."

"पण नावाच्या यादीत तं नुसतं नाना हाय."

"काहून वं, मी नाना लिहू? बापाच्या वयाचे हायेत ते! जी नाही, साहेब नाही, असं बोडकं नाव कसं लिहावं माणसाचं?"

"आणि पासवर्ड?"

"तो तं मले कोणी सांगतलाच नाही. नुसतं एंटर दाबलं का उघडते."

जयवंताने बोटांवर मोजलं. तेवीस अक्षरं. ती फाटकाच्या कट्ट्यावर बसली. चोर कुणी नव्हताच. नानाजींनी ऑपरेशन थिएटरला दिलेल्या अँपूल तारा आदराने लिहीत गेली आणि, त्याआधीची शेवटची नोंद ड्यूटी संपवणाऱ्या पुष्पलताची असायची म्हणून, त्या तिच्या डोक्यावर पडत गेल्या. नानाजींच्या चिठ्ठ्या असत्या तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. पण चिठ्ठ्या फाडल्या जात होत्या. 'आता मशीन आहे, कागद ठेवू नका,' असं शिकवायला आलेल्या बाईने सांगितलं होतं. ती बाई जयवंताच.

सोमवारी ती मनोहररावांना न विचारताच कागद घेऊन पुष्पलताबरोबर दवाखान्यात गेली. पुष्पलता इस्त्रीचा गणवेश घालून भिंतीशी उभी राहिली. मोठे डॉक्टर घाईत होते. जयवंताने त्यांनाच मशीनपुढे बसवलं आणि मनाला येईल ते लांबलचक टाइप करा म्हणाली. त्यांनी दोन बोटांनी कसंबसं आपल्या दवाखान्याचं पूर्ण नाव टाइप केलं. पासवर्ड न देता दार उघडलं. मग तिने थिएटरची वही मागवली. ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत असायची, म्हणून तिचा मेळ कुणी कधी घालत नसे. मशीनमध्ये थिएटरच्या नावावर होत्या त्यापेक्षा वहीत चाळीस अँपूल जास्त वापरलेल्या निघाल्या.

"म्हणजे दीड वर्ष माझ्या औषधांचं दार उघडं होतं," डॉक्टर सावकाश म्हणाले. "हा प्रोग्राम लिहिला कोणी?"

खोलीत पंखा गरगरत होता. मनोहररावांचं नाव घेता आलं असतं, कंपनीचं नाव घेता आलं असतं.

"मी," ती म्हणाली.

पुष्पलतावरचा आरोप मागे घेतला गेला. दुपारपर्यंत जयवंताची नोकरी गेली, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. दोघी बहिणी धंतोलीतून चालत निघाल्या. वाटेत जयवंता एकसारखी बोलत होती. गेट्स कसं काढायचं, बाकीच्या तीन दवाखान्यांना आजच चिठ्ठ्या कशा लिहायच्या, सोळा घरं म्हणजे चैन असं तिला कसं वाटलं होतं. पुष्पलता ऐकत होती. रेल्वेच्या पुलाखाली आल्यावर ती थांबली.

"ताई, एकवीस तारखेले मी तुह्या बाजूले बसून नसती, तं?"

जयवंताच्या पेन्सिलीने एकसष्ट जागा तपासल्या होत्या. बहिणीच्या शब्दासाठी आपण किती जागा ठेवली होती, हे तिने तपासलंच नव्हतं. पुष्पलताने गणवेशाची बाही नीट केली आणि ती पुढे चालू लागली.