दुखण्याची पट्टी

सरकार मला दुखण्याबद्दल पैसे देत होतं, तेही दुसऱ्यांच्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मानेचं आणि कंबरेचं दुखणं हा माझा पीएचडीचा विषय, आणि त्यासाठी मला फेलोशिप होती. पहिल्या वर्षी एका परिषदेत माझ्या आराखड्याला बक्षीसही मिळालं. वडिलांनी ते प्रमाणपत्र बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलं आणि येईल त्याला चहा पाजून दाखवलं. तोडीला जाणाऱ्या घरातली पोर दुखण्यावर डॉक्टर होणार, याचं त्यांना भारी कौतुक होतं.

पण फेलोशिप कायमची नसते. दोन वर्षांनी विद्यापीठात समिती बसते, गोळा केलेली माहिती बघते आणि पटलं तरच पुढं चालू ठेवते. माझी समिती दिवाळीनंतर बसणार होती. ती बंद झाली तर संशोधन बंद, शहरातली खोली बंद, आणि तिशीला टेकलेली मी पुन्हा गावात. त्या वर्षी गावात होतं तरी काय? पोळ्यानंतर थेंब नाही, कापूस उभ्याउभ्या वाळलेला, आष्टीच्या बाजारात जनावरांना गिऱ्हाईक नाही. दसरा झाला की अख्खं गाव साखर कारखान्यांकडं जाणार होतं. त्याआधी मला बायका गाठायच्या होत्या, आणि बायका दिवसभर टँकरच्या रांगेत.

इथं मी चूक केली. आमच्या गावात चार माणसं गोळा करायची तर मुकादमाला सांगतात. टोळी तोच जमवतो, कारखान्याची आगाऊ उचल तोच वाटतो. दूध सोसायटीचा चेअरमनही तोच. जनावरं चारा छावणीला गेल्यापासून सोसायटीचं शेड रिकामं पडलं होतं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी त्याच्याकडं गेले, त्यानं हसत किल्ली दिली, आणि सकाळी दारात बायकांची रांग. प्रत्येक बाईशी एकटीशीच बोलावं, हा संशोधनाचा नियम मी पाळला. मुकादम फक्त बाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसायचा.

माझ्याकडं एक पट्टी होती. शून्य ते दहा आकडे, शून्यावर हसरं तोंड, दहावर रडकं. जेवढं दुखतं त्यावर बोट ठेवायचं. पहिली बाई आली तिची मान वळतच नव्हती. पट्टी बघायला तिनं अख्खं अंग फिरवलं आणि हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. दुसरी शून्य. तिसरी शून्य. चार दिवस शून्यच. शेवटी शेजारची म्हातारी चिडून माझ्या कानाशी आली.

"येडी हाईस का गं तू? कोयते ठरायच्या टायमाला कोन म्हनंल दुखतंय म्हनून? त्यो भाईर बसलाय कशाला, चहा प्यायला?"

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातल्या एकाचं दुखतं म्हटलं की जोडी टोळीतून बाहेर. हे मला कुणी शिकवायला हवं होतं? माझं अर्धं बालपण उसाच्या फडातल्या खोपीत गेलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, हे आमच्या घरात पुस्तकातून शिकावं लागत नाही. आणि मीच मुकादमाच्या दारात बायकांना दुखणं विचारत बसले होते. मला माझीच किळस आली.

त्या दिवशी रांगेत शेवटी माझी आई उभी होती. मी बोलावलं नव्हतं. तिनं सरळ रडक्या तोंडावर बोट ठेवलं.

"धा. लई दुखतंय. मोळी डोक्यावर घेतली की मानंतून आग निघती. लिही."

मोठ्यानं बोलली. तिला मी गप्प करायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आनंद झाला. चार दिवसांत एक तरी आकडा मिळाला होता. मी खोदून खोदून विचारलं, कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

संध्याकाळी मुकादम घरी आला. वडिलांना म्हणाला, "वैनीला लई तरास हाय म्हनं. औंदा आराम करू द्या." आवाज अगदी गोड. वडील ओट्यावर बसून राहिले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. कागद चुकून भरला, म्हणाले. "मंग नीट करून आन की," तो म्हणाला.

आई ज्वारी निवडत होती. मी कागद घेऊन तिच्यापुढं बसले.

"खरं सांग, किती दुखतं?"

"तूच फोनवर सरांना म्हनत हुतीस ना, दुखनं निघालं न्हाई तर फेलोशिप जाईल म्हनून? मंग मी धा सांगितलं."

"पण खरं किती?"

तिनं सुपातला खडा काढून टाकला. "खरं कशाला पायजे? त्याला शून्य पायजे तर शून्य लिही. तुला किती लागतंय?"

मी दहा खोडून शून्य लिहिलं आणि कागद मुकादमाला दाखवला. दसऱ्यानंतर आईवडील टोळीबरोबर गेले.

समितीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी सगळे कागद चाळले. "या स्त्रियांना वेदना नाहीतच, असं दिसतंय."

"आहेत, मॅडम. खूप आहेत."

"कशावरून?"

आईवरून, असं मी म्हणणार होते. पण तिनं मला खरा आकडा सांगितलाच नव्हता.